संगणकाची झाडलोट : काही साधनांचा तुलनात्मक विचार

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघरी झाडलोट सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, ट्रंका उघडल्या जातात, जुन्या वह्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तागडीत जाऊन बसतात. या कामात घरातील जाणत्या स्त्रिया एक नियम कटाक्षाने पाळतात : कोणतीही पुरचुंडी उघडून पाहिल्यावाचून बाहेर टाकायची नाही. फाटक्या कागदांतच कधी घराचा दस्तऐवज सापडतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. संगणकाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण सहज विसरतो. यंत्र मंद झाले की साफसफाई करणारे एखादे सॉफ्टवेअर आणावे, एक बटण दाबावे आणि निश्चिंत व्हावे, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे आणि अशा साधनांपैकी कोणते कशासाठी वापरावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम, संगणकातील केर म्हणजे काय, हे पाहू. एखादे सॉफ्टवेअर काम करताना तात्पुरत्या फाइली तयार करते. काम संपल्यावरही त्यांपैकी काही तशाच राहतात. विंडोजची नवी आवृत्ती बसविल्यानंतर जुन्या आवृत्तीच्या फाइली काही दिवस जागा अडवून असतात. रिसायकल बिनमध्ये टाकलेली वस्तूही आपण ती टोपली रिकामी करीपर्यंत डिस्कवरच असते. या तिन्ही गोष्टी निःसंशय केर होत. परंतु ब्राउझरने साठविलेल्या फाइलींची, म्हणजे कॅशची, गोष्ट निराळी आहे. एकदा पाहिलेले चित्र पुन्हा दूरवरून आणावे लागू नये, म्हणून ब्राउझर ते जवळ ठेवतो. ही साठवण पुसली, तर जागा मोकळी होते खरी. पण तीच पाने पुढच्या वेळी प्रथम उघडताना अधिक वेळ लागतो. म्हणजे ज्याला आपण केर समजून फेकतो, ती कधी कधी घरातली बेगमीच असते!

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की संगणक मंद होण्याचे कारण बहुधा हा केर नसतोच. डिस्क अगदी काठोकाठ भरली, तरच अपुऱ्या जागेमुळे यंत्र अडखळते. एरवी संगणक सुरू होताच आपोआप उघडणारी दहा-बारा सॉफ्टवेअरे, अपुरी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क, ही मंदपणाची खरी कारणे असतात. खोलीत माणसांची दाटी झाली असता कोपऱ्यातील केर काढल्याने वावरायला जागा होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता साधनांकडे वळू. त्यांची पारख करताना चार प्रश्न विचारावेत. ते नेमके काय काढते? काढण्यापूर्वी यादी दाखवून विचारते का? काढलेले परत आणता येते का? आणि ते तयार करणाऱ्याचा चरितार्थ कशावर चालतो?

पहिले साधन विंडोजमध्येच असते. १९९८ सालच्या विंडोज ९८ पासून ‘डिस्क क्लीनअप’ तिच्यात आहे आणि २०१७ साली विंडोज १० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्टोरेज सेन्स’ आले. पहिले साधन आपण बोलावल्यावर काम करते. दुसरे ठरवून दिलेल्या मुदतीने आपण होऊन करते. त्यांची झेप मर्यादित आहे. परंतु त्यांना वेगळे मोल पडत नाही आणि बाहेरचे काही बसवावेही लागत नाही.

दुसरे साधन लंडनच्या पिरिफॉर्म या कंपनीचे ‘सीक्लीनर’. विंडोजबरोबरच अनेक ब्राउझरांची आणि इतर सॉफ्टवेअरांची साठवणही ते एका ठिकाणाहून साफ करते. त्यामुळे जगभर त्याचा प्रसार झाला. परंतु २०१७ साली एक विलक्षण घटना घडली. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात प्रसिद्ध झालेल्या ५.३३ या आवृत्तीत चोरट्यांनी आपली घातक आज्ञावली घुसविली आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर जाऊन पोहोचली. सप्टेंबरमध्ये हा प्रकार उघड झाला आणि निर्दोष आवृत्ती देण्यात आली. केरसुणीतूनच विंचू घरात यावा, तसे हे झाले. यावरून संपूर्ण साधनच त्याज्य ठरत नाही. परंतु ज्याच्या हाती घराच्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या द्यावयाच्या, तो जितका आवश्यक तितकाच बाळगावा, हा धडा त्यातून मिळतो.

तिसरे ‘ब्लीचबिट’. हे २००८ पासून उपलब्ध असून विंडोज आणि लिनक्स दोहोंवर चालते. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते आणि त्यासाठी मोल पडत नाही. काय काय पुसले जाणार, याची यादी ते आधी दाखवते. मात्र त्यातील काही पर्याय फार धारदार आहेत. अर्थ न समजता खुणा करणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

चौथे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत. पुढे ते संगणक-दुरुस्तीकडे वळले. संगणकाचे शिक्षण घेतलेले त्यांचे बंधू संजय यांनी विषाणुप्रतिबंधक आज्ञावली लिहिली आणि १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’चा उदय झाला. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. तिच्या संरक्षक सॉफ्टवेअरच्या मोठ्या संचात ‘पीसी ट्यूनर’ नावाचे साफसफाईचे साधन येते. ज्याने संरक्षणासाठी हा संच आधीच विकत घेतला आहे, त्याने त्याचा उपयोग अवश्य करावा. केवळ झाडलोटीसाठी मात्र एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

यांपैकी काही साधने ‘रजिस्ट्री’ साफ करण्याचेही आश्वासन देतात. रजिस्ट्री म्हणजे कोणते सॉफ्टवेअर कोठे आहे व कसे चालावे, यांची विंडोजने ठेवलेली नोंदवही. येथे आपल्या बडोद्याचाच दृष्टांत घेऊ. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून १९१० साली येथील मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली. समजा, एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या हजारो सूचिपत्रांत हरवलेल्या पुस्तकांची पन्नास पत्रे तशीच राहिली आहेत. ती काढल्याने वाचकाला पुस्तक अधिक लवकर मिळेल काय? मुळीच नाही. परंतु काढणाऱ्याच्या हातून चुकून एखादे चालू पुस्तकाचे पत्र गेले, तर ते पुस्तक कपाटात असूनही वाचकाच्या लेखी नाहीसे होईल. रजिस्ट्रीचे तंतोतंत असेच आहे. म्हणूनच मायक्रोसॉफ्ट कंपनी अशा साफसफाईचे समर्थन करीत नाही.

डीफ्रॅगमेंटेशनची गोष्टही विवेकाने घ्यावी लागते. फिरत्या डिस्कवर एकाच फाइलचे तुकडे विखुरले म्हणजे वाचणाऱ्या शीर्षाला धावपळ करावी लागते. ते एकत्र आणल्याने लाभ होतो. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे तेथे हा खटाटोप निरर्थक असून त्या पेशींची झीज मात्र वाढवितो. डिस्क कोणत्या प्रकारची आहे हे ओळखून विंडोज हे काम वेळोवेळी स्वतःच करीत असते.

आणखी एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे. ‘तुमच्या संगणकात शेकडो दोष आढळले, ताबडतोब पैसे भरा’ असे भय घालणारी सॉफ्टवेअरे पुष्कळ आहेत. अमेरिकेत २०१९ साली ऑफिस डेपो या दुकानसाखळीने आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपनीने अशाच एका प्रकरणी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरून तडजोड केली. सरकारी आयोगाचा आरोप असा होता, की तपासणीच्या आरंभी विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकालाही ग्राहकाने ‘होय’ म्हटले, की प्रत्यक्ष तपासणीत काहीही निघो, रोगाची लक्षणे दाखविली जात. नाडी न पाहता औषध देणारा वैद्य आणि असे सॉफ्टवेअर यांत अंतर ते काय?

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. आमच्या घरी पणजोबांची मोडी लिपीतील काही पत्रे आहेत. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी ती मला वाचून दाखविली आणि मी त्यांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. पुढे त्या फाइली संगणकावर घेतल्या, तेव्हा त्या ‘डाउनलोड्स’मध्ये उतरल्या. मोबाइल भरला म्हणून तेथील मूळ फाइली मी पुसल्या. काही महिन्यांनी साफसफाईच्या एका साधनाने यादी दाखविली असता मी ती न वाचताच सर्व चौकटींत खुणा केल्या. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही होते. चूक ध्यानात आली, तोपर्यंत ते गृहस्थ निवर्तले होते. पत्रे आजही पेटीत आहेत; पण ती वाचणारा तो आवाज कायमचा गेला. साधनाने मला विचारले होते. मीच उत्तर विचारपूर्वक दिले नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा अन्यत्र ठेवावी. नंतर नको असलेली सॉफ्टवेअरे रीतसर काढून टाकावीत आणि आपोआप सुरू होणाऱ्यांची संख्या कमी करावी. त्यानंतर विंडोजचेच साधन यादी वाचून वापरावे. तेवढ्याने भागले नाही, तरच बाहेरचे एखादे साधन त्याच्या मूळ स्थानावरून घ्यावे आणि रजिस्ट्रीला हात लावू नये. साफसफाईपूर्वी व नंतर संगणक सुरू होण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून स्वतः मोजावे. जाहिरातीपेक्षा घड्याळाची साक्ष अधिक विश्वसनीय असते. आणखी एक गोष्ट : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. जुन्या यंत्राची ही उणीव कोणतीही झाडलोट भरून काढू शकत नाही.

तात्पर्य, या सर्व साधनांत श्रेष्ठ कोणते, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या नावांत नसून ते वापरणाऱ्याच्या हातात आहे. केरसुणी कोणतीही असो; काय टाकावे आणि काय राखावे, हे तिला कळत नाही. ते आपल्यालाच कळले पाहिजे.