पंच्याहत्तरचे कापड आणि चारची सूट



आपल्या वर्गात असा मुलगा सापडणे कठीण, ज्याच्या घरातले कोणी पांडेसऱ्याच्या जी.आय.डी.सी.तील डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये कामाला नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या आपल्या घरांत लॉट, ताका, शॉर्टेज हे शब्द जेवताना कानावर पडतात. आम्ही दोघे याच शाळेचे माजी विद्यार्थी, सध्या मिलच्या लॅबमध्ये काम करतो. मागे शाळेत आलो तेव्हा नववीच्या एका मुलीने विचारले, "कापड पास की नापास हे कॉम्प्युटरला कसे कळते?"

खरे सांगायचे तर त्याला काहीच कळत नाही. आपण आधी ठरवतो आणि त्याला सांगून ठेवतो. मिलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मालाचे एक पान असते. त्यावर काय तपासायचे, कोणत्या एककात, हवे असलेले माप किती, खालची मर्यादा किती आणि वरची किती, हे भरायचे. हव्या मापापासून जेवढे इकडेतिकडे चालेल ती सूट. मिलमध्ये तिला टॉलरन्स म्हणतात.

ही सूट दोन्ही बाजूंना सारखी असलीच पाहिजे असे नाही. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर, मिळून ६.३० मीटर. यात कमी भरले तर गिऱ्हाईक ओरडणार, चार-पाच सेंटिमीटर जास्त गेले तर ओरडणार फक्त शेठ. म्हणून खाली सूट शून्य, वर थोडी. धुतल्यावर रंग किती टिकतो हे १ ते ५ अंकांत मोजतात, ५ म्हणजे सर्वांत पक्का. तिथे खालची मर्यादा पुरते, समजा ४. वरची जागा रिकामी सोडायची. रिकामी म्हणजे शून्य नव्हे बरे का! तिथे शून्य लिहिले तर उत्तम रंगसुद्धा नापास होतो.

आता आमच्यावर गुदरलेला प्रसंग. कापडाचा जी.एस.एम. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. त्यासाठी गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतात, वजन करतात आणि शंभराने गुणतात. एका व्यापाऱ्याला ७५ जी.एस.एम. हवे होते, सूट ४. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये ७१ ते ७९ भरले. तीन दिवस एकही लॉट पास होईना. कधी ७०, कधी ८०. स्टेंटरवर कापड जास्त ताणले की पन्हा वाढतो आणि जी.एस.एम. उतरतो, हे खरे आहे. म्हणून ७० दिसले की स्टेंटरवाल्या काकांना बोलणी बसत. त्यांचा त्या आठवड्याचा पगार कापायची भाषा सुरू झाली. काका म्हणत, "अरे पोरांनो, मशीनला हातबी नाही लावला मी."

शेवटी आमच्यातल्या एकाने तो तुकडा बाजारातल्या सराफाकडे नेला. त्याच्या काट्यावर ०.७४ ग्रॅम भरले. म्हणजे ७४, चांगला पास! आमचा काटा दशांश चिन्हापुढे एकच अंक दाखवणारा. ०.७४ तो ०.७ दाखवी आणि ०.७६ ला ०.८. शंभराने गुणल्यावर ७० किंवा ८०, मधले काही नाहीच. म्हणजे त्या काट्यावर हे कापड पास होणे शक्यच नव्हते. काकांचा पगार वाचला. आम्ही त्यांची माफी मागितली, तेव्हा त्यांनी चहा मात्र आमच्याच पैशाने प्यायला.

पण गोष्ट इथे मिटली नाही. नवा काटा मागवला, तो येईपर्यंत माल अडकू नये म्हणून ऑफिसातल्या एकाने सूट ४ ची ६ करून टाकली. झाले ६९ ते ८१. आता ७० ही पास, ८० ही पास, पडद्यावर सगळे हिरवे. विचार करा, जुन्या काट्यावर ०.७ आणि ०.८ दिसायला खरे वजन कुठून कुठवर चालते? ०.६५ पासून ०.८५ च्या आतपर्यंत. म्हणजे ६५ जी.एस.एम.चे विरळ कापडही हिरवे! व्यापाऱ्याने दोन लॉट परत पाठवले तेव्हा हे उमगले.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये मर्यादा बदलायची तर कोणी, कधी आणि का बदलली हे त्याच पानावर लिहावे लागते, आणि जुना आकडा पुसायचा नाही. मर्यादा भरण्याआधी काट्याची सगळ्यांत लहान पायरी पाहतो. ती निदान सुटीच्या दहाव्या भागाइतकी बारीक असावी असा आमचा अंदाज, पण ४ च्या सुटीला १ ची पायरीही आम्ही सध्या चालवून घेतो.

नववी-दहावीच्या मुलांसाठी एक उदाहरण. नवा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. मर्यादा पुन्हा ७१ ते ७९. काट्याने ०.७१ दाखवले आणि लॉट पास झाला. त्या तुकड्यावरून कापडाचा खरा जी.एस.एम. कमीत कमी किती असू शकेल? गणिताच्या वहीत सोडवून सरांना दाखवा.