फुकट दिलेल्या कोडचा तगादा

ज्याला आपण लिहिलेले सॉफ्टवेअर जगाला मोफत द्यावयाचे आहे त्याने ते अवश्य द्यावे; परंतु देण्यापूर्वी एवढे पक्के समजून असावे की, घेणाऱ्यांपैकी काही सद्गृहस्थ त्या वस्तूबरोबर आपली चाकरीही मिळाली असे धरून चालतात, आणि ती चाकरी बिनपगारी असल्यामुळे तिची वसुली अधिकच कडक रीतीने करतात. सी भाषेतील कोड न चालवता नुसता वाचून, उघडलेली फाइल कोणत्या वाटेवर बंद करावयाची राहून जाते आणि घेतलेली मेमरी कोठे परत केली जात नाही हे शोधणारे माझे टूल मी ओपन सोर्स केले, त्या काळी हे मला कोणी सांगितले नव्हते. म्हणून हा खटाटोप.

परवान्याविषयी आधी. मी एमआयटी परवाना निवडला तो अजाणतेपणी नव्हे. जीपीएल लावला असता तर फेरफार केलेले टूल दुसऱ्याला देणाऱ्यावर आपला कोडही उघडा करण्याचे बंधन आले असते, आणि लहान कंपन्या त्या बंधनाच्या नुसत्या धास्तीनेच दूर राहिल्या असत्या. एमआयटीचा मजकूर जेमतेम अर्ध्या पानाचा. त्यात घेणाऱ्याला जवळजवळ सारे हक्क बहाल केलेले असतात. शर्त एकच, की कॉपीराइटची ओळ व परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीबरोबर राहावा. आणि शेवटी ठळक अक्षरांत बजावलेले असते की वस्तू आहे तशी दिली आहे, तिची कसलीही हमी नाही. एका बड्या कंपनीने, जिचे नाव मी येथे घेत नाही, या एकुलत्या एका शर्तीचाही मान राखला नाही.

हे उघडकीस आले ते असे. त्या कंपनीच्या कोड तपासणाऱ्या विकाऊ उत्पादनाबरोबर चाचणीसाठी म्हणून काही नमुन्याच्या फाइली येत असत, आणि त्या उत्पादनाचा ग्राहक असलेल्या एका परिचिताने त्यांतील एक फाइल कसल्याशा शंकेसाठी मजपुढे ठेवली. फंक्शनचे नाव थालीपीठ, म्हणजे माझ्याच चाचण्यांतले; त्यात लोणी नावाचा पॉइंटर, जो फ्री केल्यानंतर दोन ओळींनी पुन्हा वापरलेला. ज्या कंपनीच्या माहितीपत्रकात या उत्पादनाचे वर्णन सर्वस्वी स्वतःच्या संशोधनाचे फळ असे केलेले होते, तिच्या दप्तरी माझ्या आईच्या हातचे थालीपीठ कसे पोचले, याचा खुलासा मागण्याची गरजच उरली नव्हती. पुढे पाहिले तर वॉर्निंगचे शब्द तेच, क्रमांकही तेच, केवळ आरंभीचे अक्षर बदललेले. माझे नाव व परवाना मात्र साफ गाळलेला.

याहून कमाल पुढेच झाली. त्यांच्या एका ग्राहकाकडे ते उत्पादन मोठ्या फाइलीवर अडून बसू लागले, तेव्हा कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने मला फोन केला. “सर, मूळ टूल तुमचंच आहे ना? मग फिक्सही तुम्हीच लवकर दिलेला बरा. आमचा कस्टमर थांबलाय.” नाव पुसून टाकणाऱ्यांना ते नाव तोंडपाठ होते! परवान्याचा विषय काढताच स्वर बदलला. “ते लीगलचं काम आहे, सर. आपण टेक्निकल बोलू या.” मी टेक्निकल बोललो नाही, याचा मला आजही यत्किंचित पश्चात्ताप नाही.

तेव्हा ज्यांना या वाटेने जावयाचे आहे त्यांनी कॉपीराइटची ओळ केवळ परवान्याच्या फाइलीत न ठेवता प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर घालावी, आणि चाचण्यांतील नावे अशी ठेवावीत की ती योगायोगाने दुसऱ्याला सुचणार नाहीत. न्यायालयात त्यांचे वजन किती पडेल ते वकील जाणोत. फोनवर ते पुरेसे पडते.

दुसरे दुखणे वॉर्निंगांचे. कोणत्याही प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयी अचूक निवाडा करणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे राइस या गणितज्ञाने 1953 साली सिद्ध करून ठेवले आहे. म्हणजे असे टूल काही दोष चुकवणार, नाही तर काही निर्दोषांवर आळ घेणार, हे विधिलिखितच. कव्हेरिटी हे टूल बनवणाऱ्यांनी 2010 सालच्या आपल्या लेखात नमूद केले आहे की खोट्या वॉर्निंगा शेकडा तीसच्या वर गेल्या की लोक टूलकडे दुर्लक्ष करू लागतात. आणि टूल सुधारून ते अधिक दोष दाखवू लागले तरीही ग्राहक रागावतात. या दुसऱ्या वाक्याची सत्यता मी भोगली आहे. मी एक नवी तपासणी घातली, तिने एका संस्थेच्या कोडमध्ये मेमरी न मिळाल्यास फंक्शन फाइल बंद न करताच परत फिरते हे अचूक दाखवले, आणि उत्तरादाखल मला कळवण्यात आले की हा कोड वर्षानुवर्षे चालत आलेला असून माझ्या नव्या व्हर्जनमुळे त्यांचा बिल्ड अडला आहे, सबब मी ती तपासणी मागे घ्यावी.

तपासणी मी मागे घेतली नाही. तथापि तेव्हापासून प्रत्येक नवी तपासणी मी प्रथम बंद ठेवून देतो, ज्याला हवी त्याने चालू करावी. आणि वॉर्निंग गप्प करावयाची तर त्या एका ओळीपुरतीच व कारण लिहूनच करता येते. कारण लिहिण्याचा हा जाच अनेकांना खटकतो. त्यांनी डेबियन या लिनक्स वितरणाची हकीकत वाचावी: व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या टूलच्या वॉर्निंगा शमवण्यासाठी 2006 मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतील ओळी काढल्या गेल्या, आणि 2008 च्या मे महिन्यात जगाला कळले की तेव्हापासून तेथे तयार झालेल्या गुप्त किल्ल्यांची विविधता दर प्रकाराला अवघ्या 32,768 वर आली होती. टूलचा आवाज बंद झाला होता, एवढे खरे.

तक्रार येईल तेव्हा दोष दाखवणारी लहानात लहान फाइल मागावी. ती न देणाऱ्याशी पत्रव्यवहार वाढवू नये. रात्री उत्तरे लिहू नयेत, प्रकृती सांभाळावी, वगैरे वगैरे.

उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न मात्र गंभीर आहे. सारे अधिकार एकाच्या हाती राहिले तर तो दिसेनासा होताच काम खोळंबते. फाइंडबग्ज या कोड तपासणाऱ्या टूलचे तसे झाले आणि बाकीच्यांना स्पॉटबग्ज या नव्या नावाने पुन्हा उभे राहावे लागले. उलट घाई केली तर एक्सझेड या फाइली आटोपशीर करणाऱ्या टूलची गत होते. तेथे थकलेल्या सांभाळणाऱ्याला अपरिचितांनी पत्रांमागून पत्रे पाठवून टोचले, मदतनिसाच्या मिषाने एकाने दोनेक वर्षांत विश्वास संपादन केला, आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याने पेरलेले चोरदार सापडले ते केवळ आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचचे लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद वाटले म्हणून. “जमत नसेल तर दुसऱ्याच्या हवाली करा” अशी सूचना मलाही अनेकदा आली आहे, आणि ती करणाऱ्यांपैकी कोणाच्या नावावर टूलमधील एक ओळही नाही. सहअधिकारी नेमा, पण ज्याचे काम तुम्ही स्वतः दीर्घकाळ तपासले आहे अशालाच. तगादा लावणाऱ्याला तर कदापि नव्हे.

आणि मोबदल्याचे आधीच लिहून ठेवा: टूल मोफत, वेळ मोफत नाही. मी ते उशिरा लिहिले खरे, पण उपयोग झाला. त्याच बड्या कंपनीकडून गेल्या वर्षी मागणी आली की, मोटारींच्या सुरक्षेचे आयएसओ 26262 हे प्रमाण त्यांच्या ग्राहकाला लागू असल्यामुळे टूलच्या विश्वसनीयतेविषयी मी लेखी दाखला द्यावा, आणि तोही आठवड्याच्या आत. या वेळी पत्रात माझे नाव होते, हुद्द्यासकट. मी दरपत्रक पाठवले, सोबत परवान्याची प्रत जोडली, आणि उत्पादनात तिची ओळ पुन्हा घातल्याशिवाय बोलणे सुरू होणार नाही असे कळवले. दरपत्रकाची मुदत गेल्या महिन्यात संपली.