‘फॉरमॅट मारायचे किती घेता?’

कंधारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात हा प्रश्न टाका, उत्तर येते तीनशे, चारशे, फार तर पाचशे. आकडा खोटा नाही. पण तो फक्त मजुरीचा आहे. पेनड्राइव्ह लावून विंडोज पुन्हा टाकायचे, वायफाय-साउंडचे ड्रायव्हर चढवायचे, प्रिंटर जोडून द्यायचा, एवढेच त्यात बसते. डेटा काढून पुन्हा भरायचा तर दोनशे-तीनशे वेगळे. नांदेडला तेच काम ५०० ते ८०० रुपयांत होते आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात हजाराच्या वर जाऊन त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पन्नासेक किलोमीटरचे एसटीचे जाणे-येणे धरले तर माणशी दोनशेच्या घरात भाडे आणि अख्खा दिवस. (लॅपटॉप घरातल्या बाईमाणसाने नेला तर तिकीट निम्मे, हा हिशेब आमच्याकडे खरोखर केला जातो.) साध्या फॉरमॅटसाठी नांदेड गाठण्यात अर्थ नाही. जे महाग पडते ते मजुरीच्या बाहेरचे असते, आणि ते दुकानात पाऊल टाकण्याआधीच ठरलेले असते.

आधी पाहायचे ते हे, की फॉरमॅट लागतो का. ‘स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या’ म्हणून येणाऱ्या कितीतरी मशीनांचा आजार वेगळाच असतो. २०१५-१६ च्या लॅपटॉपात फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, तर फॉरमॅटनंतर तो पंधरा दिवस पळतो आणि पुन्हा तिथेच येतो. चारशे रुपये गेले. डिस्कची तब्येत कळायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवून बघा, दोन मिनिटांचे काम आहे. निळा ‘गुड’ दिसला तर ठीक. पिवळा ‘कॉशन’ दिसला तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. तिच्यावर विंडोज टाकणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे, आधी डेटा बाहेर काढा. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखाला हजार वर्षे झाली तरी तो वाचता येतो. फिरत्या डिस्कने पाच-सात वर्षे काढली की तिने आपले काम केले असे समजावे.

मशीन तापून बंद पडत असेल तर आधी पंखा साफ करून घ्या. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ दोन्ही लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसतात. सफाई आणि नवी थर्मल पेस्ट यांचे तीनशे ते पाचशे होतात. अनेकदा तेवढ्यावर भागते.

खरा फरक पडतो तो फिरत्या डिस्कच्या जागी बसवलेल्या एसएसडीने. २५६ जीबीची साधी सॅटा एसएसडी बरेच दिवस दीड-दोन हजारांत मिळत होती. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले आहेत, त्यामुळे त्या दिवसाचा भाव विचारूनच निघा. एसएसडी बसवताना बहुधा विंडोज नव्यानेच टाकले जाते, म्हणून दोन्ही कामे एकाच फेरीत करा. तीच मजुरी दोनदा भरू नका. जुनी डिस्क मात्र परत मागून घ्या. ती तुमची आहे आणि तिच्यात तुमचे सगळे घर आहे.

परवान्याबद्दल दुकानात कुणी आपणहून बोलत नाही. २०१२ नंतर विंडोजसह विकत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपांत परवान्याची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट लागताच विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, पैसा लागत नाही. गडबड अशी होते की तुमचा लॅपटॉप येतो ‘होम’ आवृत्तीचा आणि दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर असते ‘प्रो’. प्रो टाकली की किल्ली जुळत नाही. मग अँटिव्हायरस बंद करून क्रॅक चालवला जातो. म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेला परवाना तसाच पडून राहतो आणि त्याच्या जागी चोरीचा माल बसतो. म्हणून लॅपटॉप देतानाच सांगा, ‘होम होती, होमच टाका.’ परत घेताना सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचे पान उघडा. तिथे डिजिटल लायसन्स असे दिसले पाहिजे. विंडोज तुमच्या ‘ऑर्गनायझेशन’च्या सेवेतून अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचे लिहिले असेल आणि तुम्ही कुठल्याच कंपनीत नसाल, तर काय झाले ते समजून जा.

परवाना नसलेल्या असेंबल पीसीला विंडोज ११ होमची अधिकृत प्रत दहा हजारांच्या आसपास पडते, आणि ती रक्कम ऐकून माणूस क्रॅककडे का वळतो हे कळते. ऑनलाइन तीनशे-चारशेला मिळणाऱ्या किल्ल्या बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात, आज चालतात, उद्या बंद. कायद्यापुरते सांगायचे तर, चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाखाली किमान सात दिवसांची कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. घरगुती वापराला न्यायालय दंडावर सोडू शकते, व्यवसायाला ती सवलत नाही. सरकारी कामांची सेवा केंद्रे, टॅलीवाले, झेरॉक्सवाले यांनी हे ध्यानात ठेवावे. मुलांच्या अभ्यासापुरता पीसी असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे, सी-डॅकचे बॉस लिनक्स आहे, आणि ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आहे. माझ्या मते चोरीच्या विंडोजपेक्षा हे कधीही बरे. अडते ते अंगठ्याचे यंत्र आणि सरकारी पोर्टल यांपाशी, तिथे विंडोजच धरून बसावे लागते.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता कुणी ‘दहाच टाकतो, हलकी आहे’ म्हणाला तर ती सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्यांशिवाय चालणार हे धरून चला. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्त्या देऊ केल्या आहेत, पण ती नोंदणी आपणच करायची असते. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर अट चुकवून अकरा बसवून देणारे आहेत. चालते, पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी कुणी देत नाही.

आता पैशांत न मोजता येणारा खर्च. ‘सी फॉरमॅट मारा, डी ला हात लावू नका,’ हे वाक्य आपल्याकडे पाठ असते. पण डेस्कटॉप, डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स ही तिन्ही ठिकाणे सी मध्येच असतात, आणि आपण तर सगळे डेस्कटॉपवरच ठेवतो. शिवाय एसएसडी बसवताना किंवा पार्टिशन नव्याने पाडताना डी सुद्धा जातो. पाचशेच्या आतला पेनड्राइव्ह किंवा चार-पाच हजारांची बाहेरची हार्ड डिस्क घेऊन प्रत आपल्या हाताने काढा. जी कामे दुकानदाराला दिसत नाहीत ती कागदावर लिहा: ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीचा डेटा फोल्डर, अंगठ्याच्या यंत्राचे ड्रायव्हर. टॅलीचे लायसन्स फॉरमॅटआधी सरेंडर करा, नाहीतर नंतर फोन लावत बसावे लागते. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असेल तर तिला धक्का लागत नाही, ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकायचा. सेवा केंद्रवाल्यांनी जुलैच्या शेवटी मशीन उघडूच नये. पीकविम्याच्या मुदतीत दुकानाबाहेर रांग आणि आत निळा पडदा, हे चित्र परवडणारे नाही.

मराठीत टाइप करणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. युनिकोडच्या आधीची श्री-लिपीतली किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमधली फाइल म्हणजे नुसती अक्षरे नाहीत, तो फॉन्ट सोबत हवा. मी एकदा लॅपटॉप फॉरमॅट करून आणला आणि वडिलांचे टाइप केलेले लेख उघडले, तर पानभर इंग्रजी चिन्हांचा चुरा. लेख गेले नव्हते, फॉन्ट गेला होता. तो सापडायला दोन आठवडे लागले, आणि चूक माझीच, फॉन्टचा फोल्डर मी उचललाच नव्हता. विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डर उघडून आपले मराठी फॉन्ट वेगळे ठेवा. श्री-लिपीचा यूएसबी लॉक असेल तर तो आणि त्याची सीडी जपा.

आणखी एक सापळा. विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते विचारते, आणि घाईत दुकानदार स्वतःच्या किंवा तिथल्या तिथे बनवलेल्या ईमेलने पुढे जातो. २०२४ अखेरच्या आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने टाकल्यावर बऱ्याच मशीनांत डिस्कला आपोआप कुलूप लागते, आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. सहा महिन्यांनी निळ्या पडद्यावर ती किल्ली मागितली जाते आणि खाते कुणाचे हे कुणालाच आठवत नाही. खाते तुमचेच असू द्या, पासवर्ड तुम्हीच टाका आणि ते ४८ अंक वहीत उतरवून ठेवा. फुकटचे काम आहे.

जुना पीसी विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल तर नेहमीच्या फॉरमॅटवर विसंबू नका. क्विक फॉरमॅट म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव खोडणे. शेतातले पीक जागेवरच असते. रेकुवा किंवा फोटोरेकसारखे मोफत प्रोग्रॅम ते पुन्हा वर आणतात. फिरत्या डिस्कसाठी नांगरटच करावी लागते, म्हणजे अख्ख्या डिस्कवर शून्ये लिहायची. विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये सगळे काढण्याचा पर्याय घेऊन पुढे ‘क्लीन डेटा’ चालू केले की हे होते. डिस्कपार्टमधले ‘क्लीन ऑल’ही तेच करते, फक्त डिस्कचा क्रमांक चुकवू नका. साध्या ‘क्लीन’ने फक्त नकाशा पुसला जातो. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. एवढा वेळ दुकानदार तीनशेत देणार नाही, म्हणून रात्री घरीच लावून झोपा. एसएसडीचे गणित वेगळे आहे. तिच्यात कुठे लिहायचे हे तिचा कंट्रोलर ठरवतो, त्यामुळे शून्ये लिहूनही जुने तुकडे राहू शकतात. तिच्यासाठी निर्मात्याच्या प्रोग्रॅममधले किंवा बायोसमधले ‘सिक्युअर इरेज’ वापरा. डिस्क चालूच होत नसेल तर काढून तिला आरपार भोक पाडा. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी पुष्कळदा काचेची असते, डोळ्यांवर चष्मा हवा. सेवा केंद्राच्या डिस्कवर गावाच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स असतात. ती डिस्क आहे तशी विकणे म्हणजे शेजाऱ्याची तिजोरी विकणे.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव भागात घराघरांत पाणी शिरले. अशी भिजलेली डिस्क ‘बघू चालते का’ म्हणून लावू नका आणि उन्हातही टाकू नका. ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा. साधी चुकून पुसलेली माहिती हजार-पाच हजारांत परत मिळते, पण उघडून काढायची डिस्क पुणे-हैदराबादला पाठवावी लागते आणि आकडा दहा हजारांच्या पुढेच सुरू होतो. भाव आधी लेखी घ्या, आणि डेटा निघाला नाही तर किती घेणार हेही त्यातच लिहून घ्या.

हाताने करायचे असेल तर तेही अवघड नाही. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचा मोफत मीडिया क्रिएशन टूल एवढेच लागते. सहा-सात जीबीचे डाउनलोड होते, पुढचे काम तास-दीड तासाचे. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावूनच बसा; अर्ध्यावर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. वायफायचा ड्रायव्हर मात्र आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही.

दुकानातून परत घेताना तिथेच सुरू करून बघा. एक प्रिंट काढा, एक व्हिडिओ वाजवा, मराठीत एक ओळ टाइप करा. वार्षिक २० लाखांच्या आतल्या दुकानाला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे ‘आमच्याकडे बिल नसते’ हे खरे असू शकते. पण काय काम केले, किती घेतले आणि कोणता सुटा भाग बदलला एवढी साधी पावती कुणीही देऊ शकतो. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पुढे नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.

दुकानदाराने डेटा काढून ठेवला असेल तर त्याची एक प्रत त्याच्या डिस्कवर राहते, तुमच्यासारख्या आणखी पन्नास जणांच्या फोल्डरांशेजारी. घरी सगळे नीट उघडते का ते आठ दिवस बघा, मग दुकानात चक्कर टाका आणि तुमच्या नावाचा फोल्डर समोर उभे राहून पुसायला लावा. रीसायकल बिनमधूनही.