कानाचा पडदा आत का ओढला जातो?

खंडाळ्याचा घाट उतरताना कानांत दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, हे पुष्कळांनी अनुभवले असेल. ५०० मीटर उतरले की बाहेरच्या हवेचा दाब अदमासे ६० मिलिबारने वाढतो. पडद्यामागच्या पोकळीतील, म्हणजे मध्यकर्णातील हवा मात्र वरच्याच दाबाची राहते. ही पोकळी युस्टेशियन नलिकेने घशाच्या वरच्या भागाला जोडलेली असते. नळी एरवी मिटलेली असते. आवंढा गिळताना क्षणभर उघडते आणि दोन्हीकडचे दाब सारखे होतात.

आता सततच्या सर्दीमुळे ही नळी नीट उघडेनाशी झाली तर? मग घाटात जायलाच नको. मध्यकर्णाच्या अस्तरातून हवा रक्तात शोषली जात असते. शिरांतील रक्तात ऑक्सिजनचा दाब जेवढा घटतो, तेवढा कार्बन डायऑक्साइडचा वाढत नाही. म्हणून त्यातील सर्व वायूंच्या दाबांची बेरीज वातावरणाच्या दाबापेक्षा कमी भरते. कोंडलेली हवा हळूहळू तिकडे जाते आणि पडदा आत ओढला जातो.

किती जोराने? दाबांतील फरक २०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे जवळजवळ २००० पास्कल, आणि पडद्याचे क्षेत्रफळ ६० चौरस मिलिमीटर धरा. गुणाकार करा : ०.१२ न्यूटन, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम वजन. थोडेच वाटते ना? पण पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, आणि भार महिनोन्‌महिने. त्याचा मधला तंतुमय थर विरळ होतो. पडदा आधी नुसता आत झुकतो, मग ऐरणीच्या हाडाला टेकतो, पुढे आतल्या भिंतीला टेकतो आणि अखेर तिला चिकटतो. १९७६ मध्ये सादे यांनी मांडलेल्या चार पायऱ्या याच.

टेकला आहे की चिकटला आहे, हे ठरवणे महत्त्वाचे. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहत असताना रुग्णाने नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकले आणि पडदा बाहेर सरकला, तर तो मोकळा आहे. टिंपॅनोमीटर तर पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला मोह पाडणारे यंत्र! ते कानाच्या बाह्य नळीतील दाब बदलत जाते आणि पडद्यावरून परतणारा ध्वनी मोजते. ज्या दाबाला पडदा सर्वांत सहज हलतो, साधारण तोच आतला दाब. कोंडलेल्या हवेचा दाब भोक न पाडता कळला!

प्रत्येक पडद्यावर शस्त्रक्रिया लागत नाही. मुलांमध्ये पुष्कळदा तो आपोआप सुधारतो. तोवर नाकाचे उपचार, श्रवणचाचणी आणि ठरावीक काळाने तपासणी. वर्गात वारंवार ‘काय सर?’ विचारणाऱ्या मुलाचीही ही चाचणी करून घ्यावी. गरज पडल्यास पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. हवेला दुसरी वाट मिळते.

खरा धोका खोल खळग्याचा. पडद्यावरची त्वचा एरवी हळूहळू बाहेर सरकून कान आपोआप स्वच्छ ठेवते. खळग्याचा तळ दिसेनासा झाला की कोंडा आत साचतो, त्याचा कोलेस्टिआटोमा बनतो आणि तो ऐरणीचे हाड झिजवू लागतो. मग शस्त्रक्रियेने तो काढून, रुग्णाच्याच कानाच्या कूर्चेचा पातळ तुकडा आधाराला लावतात. कानातून दुर्गंधीयुक्त पाणी येऊ लागले, की तेल न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेच जायचे.