पदवी हातात, पण लॅबचं काय?

प्रश्न : मुलीला बारावीनंतर इंग्लंडमध्ये बायोमेडिकल सायन्सची पदवी घ्यायची आहे. पदवी झाली की तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळेल ना? – एक पालक, सातारा

उत्तर : नुसत्या पदवीवर नाही. तिथे 'बायोमेडिकल सायंटिस्ट' म्हणून काम करायला एचसीपीसी या संस्थेकडे नोंदणी लागते. त्यासाठी साधारणपणे आयबीएमएस या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेली पदवी लागते, शिवाय मान्यताप्राप्त लॅबमध्ये काम करत पूर्ण केलेला रजिस्ट्रेशन पोर्टफोलिओही हवा. खरी मेख तिथेच आहे.

पोर्टफोलिओ म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचं जर्नल नव्हे. समजा, नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या आहेत. मग पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. असा रिपोर्ट तसाच न पाठवता नमुना पुन्हा का मागवला, हे विद्यार्थ्याला पुराव्यानिशी दाखवावं लागतं. शेवटी बाहेरचा तपासनीस हे सगळं पडताळतो.

म्हणून प्रवेश घेताना विद्यापीठाला थेट विचारा : अभ्यासक्रमात लॅब-प्लेसमेंट आहे का, जागा किती, आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांना मिळतात का? 'प्लेसमेंटची संधी' एवढंच माहितीपत्रकात छापलं असेल तर त्यावर विसंबू नका. जागा मोजक्या आणि चुरस मोठी असते. पगारी डिग्री-अप्रेंटिसशिपही आहे, पण स्टुडंट व्हिसावर ती करता येत नाही.

प्लेसमेंट हुकलीच, तर मान्य पदवीनंतर लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागून पोर्टफोलिओ पुरा करता येतो. तेव्हा मात्र व्हिसाचं गणित आधी मांडा. एजंट ते सांगेलच असं नाही.