वॉशर घट्ट नको, सरकता हवा

रील उघडायच्या आधी एक ऐक. ड्रॅगचं काम मासा अडवायचं नाही. तंगूस तुटायच्या आत दोरा सोडायचा आणि सोडताना अडखळायचं नाही, एवढंच त्याचं काम. आजकालची पोरं दुकानात पहिला प्रश्न विचारतात, "ड्रॅग किती किलोचा?" उजनी धरणाच्या फुगवट्यात २० पौंडी तंगूस टाकून बसणाऱ्याला दहा किलोचा ड्रॅग कशाला लागतो बे? दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, एवढाच ड्रॅग लावायचा. म्हणजे पाच ते साडेसहा पौंड. तेवढा तर जुना चामडी वॉशरही देतो.

तू मागाच्या खडखडाटात वाढलास, म्हणून तुला हे सांगणं सोपं आहे. साध्या मागावर ताण्याच्या बीमला दोरीचा किंवा साखळीचा ब्रेक असतो, त्याच्या दांडीला वजन टांगलेलं. बीम भरलेला असताना जे वजन बरोबर, तेच बीम उतरत आला की जास्त होतं आणि ताण्याची सुतं तटातट तुटायला लागतात. मग वजन आत सरकवावं लागतं. रीलमध्ये हेच गणित आहे. ब्रेकचा जोर तोच राहतो, पण स्पूलवरचा दोरा निघून गेला की घेर कमी होतो आणि ओढ वाढते. घेर निम्म्यावर आला की ओढ दुप्पट. मोठ्या कटल्यानं पहिल्या धावेत बराच दोरा नेला की माणूस घाबरून स्टार, म्हणजे हँडलजवळची ड्रॅगची चांदणी, आवळतो, आणि दोरा नेमका तिथंच तुटतो. त्या वेळी स्टार थोडा सैल करायचा असतो. आणखी एक, मागाच्या ब्रेकची दोरी धरून-सोडून चालायला लागली तर जाणता जॉबर आधी ती साफ करून फ्रेंच चॉक मारतो, वजनाला हात नंतर लावतो. वॉशर निवडताना हेच डोक्यात ठेव. थांबलेला वॉशर सुटायला किती जोर लागतो आणि सुटल्यावर सरकत राहायला किती, या दोन्हींत फरक जितका कमी तितका वॉशर चांगला. तंगूस तुटतो तो पहिल्या हिसक्याला.

आता माल. नमदा, म्हणजे फेल्ट, हलक्या रीलला उत्तम. कमी ड्रॅगवर त्याच्याइतकं मऊ काही चालत नाही. पण त्याला तेल किंवा ग्रीस पाजलेलं लागतं, आणि लांब धावेत तो तापला की करपतो. घरातलं खोबरेल त्याला लावू नकोस. डिसेंबरच्या पहाटे ते गोठतं आणि वॉशर चिकटून बसतो.

चामडं मला अजून आवडतं. जुन्या रीलमध्ये तेच असायचं. त्याला नीट्सफूट तेलात मुरवायचं, ते जनावरांच्या खुरा-नळ्यांतून काढतात. कोरडं पडलं की चामडं कडक होतं आणि हिसके देतं. मागाच्या पिकिंग बँडचं जाड, सलग कातडं मिळालं तर पंचानं वॉशर कापता येतो, फक्त जाडी सगळीकडे सारखी पाहिजे.

लाल फायबर स्वस्त, पण पाणी पितो आणि फुगतो, म्हणून मी वापरत नाही. जुन्या रीलमधून करड्या रंगाचा, ब्रेक लायनरसारखा वॉशर निघाला तर त्याला पॉलिश पेपर लावू नकोस. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ छातीत जाते. ओला करून, पिशवीत बांधून बाजूला काढ.

टेफ्लॉनचं लोक फार कौतुक करतात. सरकतं छान, हिसका नाही. पण इतकं सरकतं की जोर हवा तर स्टार फार आवळावा लागतो, आणि सतत दाबाखाली टेफ्लॉन हळूहळू पसरून पातळ होतं. छोट्या रीलला ठीक, मोठ्या माशाला नाही.

उरला कार्बन फायबर, विणलेला, काळा. नवा माल घ्यायचाच असेल तर हाच घे. तापला तरी चाल बदलत नाही. कोरडा चालतो, तरी ड्रॅगचं म्हणून मिळणारं ग्रीस बोटानं लावून पुसून टाकावं. पुसल्यावर जे उरतं तेवढंच पाहिजे. त्यानं पकड थोडी कमी होते, पण सुरुवात मऊ होते आणि शेजारचा धातू गंजत नाही. बेअरिंगचं ग्रीस इथं चालत नाही. एक सावधगिरी मात्र बाळग. पेन कंपनीच्या रीलपैकी सिनेटर १९३६ पासूनचा, त्याच्या जुन्या नगात पितळी गिअर असतात. कार्बन घातला म्हणून ड्रॅग वाट्टेल तेवढा वाढवला तर वॉशर टिकेल, गिअरचे दात झिजतील.

मऊ आणि धातूचे वॉशर एकावर एक रचायची ही चळत विल्यम बोशेन नावाच्या गळवाल्याच्या डोक्यातून निघाली. १९१३ साली कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटाजवळ त्यानं तशा रीलवर तलवारमासा काढला. त्याआधी मासा पळाला की हँडल उलटं गरगरायचं आणि बोटं फुटायची.

चळतीचा क्रम चुकला तर कितीही भारी माल घाल, उपयोग नाही. मेन गिअरच्या पोटात आधी मऊ वॉशर, मग दांड्यावर बसणारा चपट्या भोकाचा धातूचा, परत मऊ, मग कानवाला, जो गिअरच्या खाचेत अडकतो, परत मऊ, आणि सगळ्यांत वर पुन्हा चपट्या भोकाचा. दोन एकाच जातीचे धातूचे वॉशर लागोपाठ आले तर त्यांच्यातला मऊ वॉशर फुकट बसून राहतो. उघडतानाच मोबाइलवर फोटो काढत जा.

पुष्कळदा दोष मऊ वॉशरात नसतोच. धातूचा वॉशर काचेवर ठेवून बोटानं दाब. डुगडुगला तर तो वाकलाय. काचेवरच बारीक पॉलिश पेपर ठेवून गोल घास, ओरखडे गेले की थांब. जुनं ग्रीस रॉकेलनं निघतं, पण रॉकेल मागं तेलकट थर सोडतं, म्हणून शेवटी व्हाइट स्पिरिटनं पूस. नव्या वॉशरांची जाडी व्हर्नियरनं जुन्यांशी ताडून बघ. चळत पातळ झाली तर स्टार पुरता आवळला जात नाही, जाड झाली तर त्याला पेच कमी पडतात.

सगळं बसलं की स्प्रिंगकाट्याला दोरा बांधून ओढ. काटा एका आकड्यावर स्थिर राहिला पाहिजे. सुरुवातीला वर उडी मारून मग खाली येत असेल तर परत उघड. आणि उजनीवरून घरी आलास की रील ठेवण्याआधी स्टार सैल कर, नाहीतर नमदा आणि चामडं दबून तसंच बसतं.