दुखणं थांबलं म्हणून दाढ काढू नकोस

सावंतवाडी

चि. समीर यास,


काल फोनवर म्हणालास, "आत्ये, दुखणा थांबला. पण एकदाची काडूनच टाकतंय." मला घोर लागलाय तो दुखणं थांबल्याचाच. गरम चहाने कळ, आडवं झालं की ठणका आणि मग एकाएकी सगळं शांत, असं झालं की बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. जंतू तिथेच राहतात आणि मुळाच्या टोकाशी हाड पोखरतात. गोळ्यांवर भिस्त ठेवू नकोस. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, मग औषध आत पोचणार कसं?

तुझी ही खालची पहिली मोठी दाढ, सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेली. कुठलाही दुधाचा दात न पडता ती मागे गुपचूप उगवते, म्हणून कितीतरी आया तिला दुधाचीच समजतात आणि किडू देतात. तिच्या मुळांत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. ती वाचवायला रूट कॅनाल करून घे. डॉक्टर जागा बधिर करतील, दाढेभोवती रबराचा पडदा ताणतील, बारीक फायलींनी एकेक नळी साफ करून औषधाने धुतील आणि गट्टापर्चा भरतील. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. ते झाड आपल्या ओवळीच्या आणि चिकूच्या कुळातलं.

नंतर कॅपला टाळाटाळ नको. पोखरलेली दाढ कुर्लीचा डेंगा फोडताना उभी चिरते आणि चीर मुळात उतरली की काढण्यावाचून इलाज नसतो. अशा दाढा मी हळहळत काढल्या आहेत.

आताच काढलीस, तर समोरची दाढ खाली उतरेल, शेजारची कलंडेल, हाड झिजेल. इम्प्लांट बसवता येतो, पण आपल्या मुळाभोवती जे तंतू असतात ते त्याला नसतात. भातातला खडा दाताला चटकन कळतो तो त्या तंतूंमुळे.

वेर्ण्याला आहेस, तर बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळच आहे. १९८० पासूनची सरकारी संस्था. गोव्याबाहेरच्यांना काय शुल्क पडतं ते आधी विचार. एक्स-रे काढलास की मोबाईलवर मला पाठव. वाचण्यासारखी नसेल तर मीच काढ म्हणेन. आणि दाढेत तंबाखूची चिमूट धरणं आजपासून बंद.

तुझी,
आत्या